म्युझियमच्या माळ्यावर: व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

घरी पाहुणे आले की आपण त्यांना हॉलमध्ये बसवतो. माळा कुणी दाखवत नाही. म्युझियमही तसंच वागतं. दालनात मांडलेलं असतं ते थोडंसं, बाकीचं सगळं कुठेतरी कुलपात, आणि तिथे जायला ओळख, पत्र, संशोधनाचा विषय असं काहीतरी लागतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, म्हणजे सगळे ज्याला व्ही अँड ए म्हणतात त्याने, ३१ मे २०२५ रोजी आपला माळाच लोकांसाठी उघडला. अडीच लाखांहून जास्त वस्तू, साडेतीन लाख पुस्तकं आणि हजारभर कागदपत्रसंग्रह आहेत तिथे. प्रवेश फुकट आहे. खरी गंमत पुढे आहे: यातली हवी ती वस्तू आधी सांगून ठेवली, तर ती रॅकवरून काढून तुमच्यासमोर टेबलावर ठेवतात. का बघायची आहे, हे सिद्ध करावं लागत नाही.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, तिकडे शिकणारे किंवा नोकरीला असलेले, ज्यांचा शनिवार-रविवार मोकळा असतो. दुसरे, मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांसाठी गेलेले आई-बाबा. लंडन आय, बकिंगहॅम राजवाडा आणि नीसडनचं मंदिर पाहून झालं की दुपारचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडतोच. माझ्या मते या जागेचा सर्वांत जास्त फायदा या दुसऱ्या गटाला होईल. का, ते पुढे येईलच.

आधी नावांचा घोळ मिटवा

व्ही अँड एच्या लंडनमध्ये एकाहून जास्त इमारती आहेत आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या इमारतीपाशी जाऊन उभा राहतो. जुनं, भव्य, घुमटवालं म्युझियम साउथ केन्सिंग्टनला आहे. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ तिथे आहे, इथे नाही. बेथनल ग्रीनला लहान मुलांसाठीचं यंग व्ही अँड ए आहे. आपल्याला जायचंय ते स्टोअरहाउस पूर्व लंडनमध्ये, २०१२च्या ऑलिम्पिकसाठी तयार झालेल्या क्वीन एलिझाबेथ पार्कमध्ये, हिअर ईस्ट नावाच्या संकुलात. ऑलिम्पिकच्या वेळी जगभरचे पत्रकार आणि टीव्हीवाले जिथे बसून काम करत होते, तीच ही जागा. त्याच पार्कमध्ये व्ही अँड ए ईस्ट म्युझियम नावाची आणखी एक वेगळी इमारत आहे. तेव्हा फोनवरच्या नकाशात 'स्टोअरहाउस' हा शब्द टाकल्याशिवाय घरातून निघू नका. सर्वांत जवळचं स्टेशन हॅकनी विक, ओव्हरग्राउंड या लोकल रेल्वेचं. स्ट्रॅटफर्डहूनही पार्कातून चालत जाता येतं, पण गुडघे कुरकुरत असतील तर हॅकनी विकच बरं.

नावावरून आठवलं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असं होतं. लंडनवाल्यांनी हे नाव घेतलं १८९९मध्ये. म्हणजे या नावाच्या बाबतीत भायखळा सत्तावीस वर्षांनी मोठा. आजचं नाव १९७५मध्ये आलं. तिकडे कुणी फारच इतिहास ऐकवायला लागलं तर ही माहिती जवळ असू द्या.

पहिली पायरी: घरबसल्या शोध

नुसतं फिरायला जायचं असेल तर ही पायरी गाळली तरी चालेल. दार उघडं आहे, आत शिरायचं. पण वस्तू मागवायची असेल तर किमान दोन आठवडे आधी कळवावं लागतं, म्हणून सुरुवात घरूनच.

व्ही अँड एच्या वेबसाइटवर सगळ्या संग्रहाची सूची आहे. त्यात शोधताना एक पथ्य पाळा: आजची नावं विसरा. नोंदी करणारे लोक आणि काळ दोन्ही वेगळे होते. पुण्याबरोबर 'पूना' टाका, मुंबईबरोबर 'बॉम्बे', सोलापूरसाठी 'शोलापूर'. स्पेलिंग जितकं इंग्रजी आमदानीतलं, तितकं हाती जास्त लागेल. वस्तूचं नावही एकच धरून बसू नका. आपण ज्याला लुगडं म्हणतो त्याची नोंद साडी म्हणून असेल, नुसतं 'कापडाचा तुकडा' म्हणूनही असेल. पगडी, पागोटं, फेटा या तिन्हींना एकाच शब्दात कोंबलेलं असतं.

याला कारण आहे. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये १८०१ साली स्वतःचं इंडिया म्युझियम काढलं होतं. १८७९मध्ये ते मोडलं आणि त्यातल्या पुष्कळ वस्तू साउथ केन्सिंग्टनला आल्या. कंपनीला, आणि नंतर सरकारला, आपल्या कापडात रस होता तो व्यापाऱ्याचा. १८६६मध्ये तर फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याने भारतीय कापडाचे सातशे नमुने कापून, चिकटवून अठरा खंड तयार केले. इंग्लंडमधल्या गिरण्यांना कळावं, की इथल्या माणसाला काय नेसायला आवडतं, म्हणजे तसंच विणून इथे विकता येईल. त्यामुळे जुन्या नोंदींमध्ये लांबी, रुंदी, कुठे विकत घेतलं हे सापडतं. कोणी नेसलं, कसं नेसलं, कुठल्या प्रसंगाला, याबद्दल मात्र बहुतेक वेळा सामसूम.

प्रत्येक नोंदीत एक म्युझियम नंबर असतो. तो वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. उदाहरणार्थ, शहाजहानच्या पांढऱ्या जेड दगडाच्या प्रसिद्ध पेल्याचा नंबर 'आयएस. १२-१९६२'. आयएस म्हणजे इंडियन सेक्शन, १९६२ हे वस्तू दाखल झाल्याचं वर्ष, आणि त्या वर्षातली ती बारावी. 'टी' अक्षराने सुरू होणारा नंबर टेक्स्टाइलचा. वर्ष पाहिलं की वस्तू कंपनीच्या काळात आली, की नंतर कुणी दान दिली, की विकत घेतली, याचा अंदाज बांधता येतो. नंबर वहीत लिहून ठेवा. तिथल्या माणसाशी बोलताना नावापेक्षा नंबर कामाला येतो.

दुसरी पायरी: काय मागवावं

एका भेटीत पाचपर्यंत वस्तू मागवता येतात. पाच मागवू नका. मी पहिल्यांदा हावरटासारख्या पाचही मागवल्या आणि तिसऱ्या वस्तूपर्यंत डोळे आणि डोकं दोन्ही थकलं. शेवटच्या दोन नीट आठवतसुद्धा नाहीत. दोन पुरे. फार तर तीन, त्याही एकमेकींशी नातं असलेल्या.

आणि प्रसिद्ध वस्तू सोडा. सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त मागणी होती ती बालेन्सियागा या फॅशन डिझायनरच्या १९५४च्या गुलाबी रेशमी झग्याला. झगा देखणाच आहे, पण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं सगळं लिहून झालंय. तुमच्याकडे त्याला विचारायला प्रश्न काय आहे? त्यापेक्षा अशी वस्तू निवडा जी तुमच्या घरात होती, आहे, किंवा आजीच्या ट्रंकेत होती. जी तुम्ही वापरली आहे. लुगडं, चोळीचा खण, पितळी डबा, अडकित्ता, दागिना. म्हणूनच म्हटलं की आई-बाबांना जास्त फायदा. काष्टा कसा काढतात हे ज्या बाईच्या हातात आहे, तिला घडी उलगडताना जे दिसेल ते कापडावर डॉक्टरेट केलेल्या मुलीला दिसेलच असं नाही.

नोंदीतली मापं नीट वाचा. पडद्यावर सगळंच सारख्या आकाराचं दिसतं. वर्तमानपत्र घेऊन त्या मापाचा तुकडा कापून पाहा, वस्तू डोळ्यांसमोर येते. फार मोठ्या, फार नाजूक किंवा दुसरीकडे प्रदर्शनात गेलेल्या वस्तू मागवता येत नाहीत. वस्तू सध्या कुठे आहे हे नोंदीतच असतं.

मोठ्या वस्तूंचा विषय निघालाच तर अजिंठ्याबद्दल सांगायला हवं. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला मुक्काम ठोकत आणि भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात कॅनव्हासवर करून घेत. त्या लंडनला गेल्या. १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि कितीतरी जळाल्या. उरल्या त्या व्ही अँड एच्या संग्रहात आहेत. लेण्यांतली मूळ चित्रं त्यानंतर आणखी झडली, म्हणून आज या नकलाच काही ठिकाणी पुरावा झाल्या आहेत. सूचीत त्यांची छायाचित्रं पाहता येतात. टेबलावर मागवायची वस्तू नाही ही, पण एक रविवार यात सहज जातो.

तिसरी पायरी: आत शिरल्यावर

पिशव्या, कोट, छत्र्या खाली लॉकरमध्ये. मग जिना चढून वर आलात की एकदम मधोमध, वीस मीटर उंच मोकळ्या चौकात उभे राहता आणि चारी बाजूंना रॅक. डी-मार्टच्या गोदामासारखे, हे मी कौतुकानेच म्हणतोय. काचेची कपाटं, मखमल, पिवळे दिवे, काही नाही. कशाशेजारी काय ठेवलंय याचा मेळ लागत नाही, कारण मांडणी देश किंवा शतक पाहून केलेली नाही. वजन, आकार, कशापासून बनलंय, यावरून जागा ठरते. आपल्या फडताळातही मोठा कुकर खाली आणि वाट्या वर, तसंच. लेबलंही फारशी नाहीत. बऱ्याच जणांना पहिली पंधरा मिनिटं हे खटकतं. खटकू द्या.

खाली पाहा. चौकातल्या जमिनीचा एक भाग काचेचा आहे आणि त्याखाली आग्र्याच्या किल्ल्यातल्या सतराव्या शतकातल्या हमामाची संगमरवरी खांबांची रांग उभी आहे. शहाजहानच्या काळातलं काम आहे ते. वरून लोक बूट घालून जातात, खाली मुघल संगमरवर. मला तिथे जरा वेळ काही सुचलं नाही.

मग पुढच्या मोठ्या गोष्टी. १९२६ची फ्रँकफर्ट किचन चुकवू नका. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारवस्तीतल्या घरांसाठी केलेलं हे स्वयंपाकघर, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं. अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. सलग ओटा, भिंतीतली कपाटं, पीठ-साखरेसाठी नावं घातलेले ओढून काढायचे ॲल्युमिनियमचे डबे. मुंबई-पुण्यातल्या वन बीएचकेच्या ओट्याचं मूळ शोधत गेलात तर वाट या खोलीवरून जाते. फरक एकच: बाईंनी त्यात फिरतं स्टूल ठेवलं होतं, बसून भाजी चिरता यावी म्हणून. ओटा आपल्यापर्यंत पोचला, स्टूल वाटेतच राहिलं.

फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराने पिट्सबर्गच्या कॉफमन या दुकानमालकासाठी १९३०च्या दशकात केलेलं लाकडी ऑफिस इथे अख्खंच्या अख्खं आहे. रॉबिन हूड गार्डन्स या १९७२च्या काँक्रीटच्या वसाहतीचा पाडताना वाचवलेला तुकडाही आहे. बीडीडी चाळीत लहानपण गेलेल्या कुणाला सोबत नेलंत तर तिथे गप्पा लांबतील. 'ल ट्रेन ब्ल्यू' या नृत्यनाट्याचा १९२४चा पडदा, पिकासोच्या चित्रावरून रंगवलेला, दहा मीटरहून उंच आहे. तो पाहायला मान वर करावी लागते. डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाचा संग्रह सप्टेंबर २०२५मध्ये इथेच उघडला. गाणी माहीत नसतील तरी कपडे पाहायला हरकत नाही.

चौथी पायरी: काम करणाऱ्यांना पाहा

वरच्या मजल्यावर एक सज्जा आहे. तिथून खाली वस्तूंची निगा राखणाऱ्यांच्या कार्यशाळा दिसतात. इंग्रजीत याला कॉन्झर्व्हेशन म्हणतात. आपल्याकडे 'जतन' शब्द आहे, पण त्यात कुणीतरी तीन तास एका शिवणीकडे भिंगातून पाहत बसतं, हे येत नाही. जायचंच तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, जेवणाची वेळ टाळून. रविवारी रिकामी टेबलं दिसण्याची शक्यता जास्त.

पाहताना काय शोधायचं? पहिला शत्रू उजेड. कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) इतकाच उजेड ठेवायची पद्धत आहे, तैलचित्रांना २००च्या आसपास. आपल्या घरात खिडकीशी याच्या कितीतरी पट असतो. उजेडाने गेलेला रंग परत येत नाही. म्हणूनच दालनात अंधार असतो, कंजूषपणा म्हणून नाही. दुसरा शत्रू दमट हवा, आणि त्याहून वाईट म्हणजे कोरडी-दमट अशी सतत बदलणारी हवा. तिसरा कसर. भिंतींच्या कडेला जमिनीवर चिकट कागदाच्या छोट्या डब्या दिसल्या तर त्या किड्यांच्या सापळ्याच्या. कुठल्या डबीत कोणता किडा किती, याची मोजणी होते.

चौथ्या शत्रूचा विचार आपण करत नाही: प्लॅस्टिक. दगड, पितळ, सुती कापड यांना कसं सांभाळायचं याचा अंदाज माणसाला शतकांचा आहे. पण विसाव्या शतकातल्या डिझाइनच्या वस्तू सेल्युलॉइड, ॲसिटेट, पीव्हीसी, फोम अशा गोष्टींपासून बनलेल्या आहेत आणि त्या आतूनच बिघडतात. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागतो. पीव्हीसी चिकट होतं. फोमचा भुगा होतो. सेल्युलॉइड तर शेजारच्या धातूलाही गंज चढवतं. साठ वर्षांपूर्वीची खुर्ची चारशे वर्षांपूर्वीच्या गालिच्यापेक्षा जास्त त्रास देते. हे डोक्यात ठेवून रॅकवरच्या रंगीत खुर्च्यांकडे पुन्हा पाहा.

पाचवी पायरी: टेबलापाशी

ठरलेल्या वेळेच्या आधी पोचा. हात धुवा, हँडक्रीम लावू नका. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढता येतील तेवढ्या काढा. मंगळसूत्र किंवा लांब साखळी असेल तर कपड्यांच्या आत सारा, ओढणी घरी ठेवा. वाकलं की जे लोंबतं ते वस्तूला लागतं. पेन नाही, पेन्सिल न्या. फोनने फोटो काढायचे तर दोन्ही हातांनी धरा, आणि कधीही वस्तूच्या बरोबर वर धरू नका. चष्म्याला दोरी लावा.

हात लावता येईल का, हे वस्तूवर आणि समोर बसलेल्या कर्मचाऱ्यावर अवलंबून आहे. तो म्हणेल तसं करा, वाद घालू नका. सिनेमात दाखवतात ते पांढरे सुती हातमोजे आता सगळीकडे चालत नाहीत. सुताचा धागा अडकतो, पकड सुटते. धातूला आणि प्लॅस्टिकला नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे पातळ, मोजे घालतात. मोजे तुमच्याही बचावासाठी असतात. जुन्या काळी कसर लागू नये म्हणून म्युझियममध्ये कापडावर विषारी औषधं मारत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या रंगांत तर आर्सेनिकच असायचं. वास घ्यायचा मोह टाळा.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही: उलटी बाजू दाखवायला सांगा. लाजू नका, असा प्रश्न विचारणारा माणूस तिथे आवडतो. सुलट बाजू फोटोत असतेच. पैठणीच्या पदराला हात घालणारी कुठलीही बाई आधी पदर उलटून पाहते, कारण हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते आणि यंत्रावरच्या नकलेत मागे धागे सुटलेले असतात. हीच नजर तिथे वापरायची. किनार आणि काठ जोडलेत की विणलेत, रफू कुठे झालंय, घडीच्या रेषेवर रंग किती उडालाय, कोपऱ्यात शाईने काही लिहिलंय का. जुन्या कापडावर व्यापाऱ्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी मिळाली तर तिचा वेगळा फोटो काढा.

त्याच वेळी वस्तू कशात गुंडाळून आणली तेही पाहून घ्या. आम्लमुक्त पातळ कागद असतो, घडीच्या आत त्याच कागदाच्या वळकट्या भरलेल्या असतात, म्हणजे रेशीम घडीवर चिरत नाही. लांब कापडं घडीच करत नाहीत, जाड नळकांड्यावर गुंडाळतात. आजी पैठणी मलमलच्या फडक्यात बांधून ठेवायची आणि दर दिवाळीला घडी मोडून नव्या जागी घालायची, ते काही वेगळं नव्हतं. आपण मात्र प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत चेन लावून ठेवतो. घरी परतल्यावर ती पिशवी आधी काढा.

सहावी पायरी: तुम्हाला जे कळलं ते सांगा

नोंदीत चूक दिसली, उदाहरणार्थ नऊवारीला पडदा म्हटलंय किंवा बुगडीला नथ, तर तिथल्या तिथे सांगा. सूचीच्या वेबसाइटवर नोंदीखाली अभिप्राय कळवायचीही सोय आहे. मोघम लिहू नका. नंबर लिहा, चूक काय ते एका वाक्यात, तुम्हाला कसं माहीत ते दुसऱ्या वाक्यात. 'माझी आई हे रोज नेसायची' हा पुरावाच आहे, फक्त कुठल्या गावात आणि साधारण कोणत्या वर्षांत, हे जोडा. नोंद लगेच बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण कळवल्याशिवाय तर नक्कीच बदलणार नाही. आई सोबत असेल तर तिला मराठीतच बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन इंग्रजी करा. टेबलापाशी भाषांतर करत बसलात तर तिचं सांगणं तुटतं.

लंडनला जाणं नसेल तर

नेदरलंड्समध्ये रॉटरडॅमला बॉयमन्स म्युझियमचं डेपो, म्हणजे असंच लोकांसाठी खुलं गोदाम, आहे, २०२१मध्ये उघडलेलं, बाहेरून आरशांनी मढवलेल्या भल्यामोठ्या वाडग्यासारखं. दीड लाखाच्या वर कलावस्तू आणि धातू, प्लॅस्टिक, छायाचित्रं अशा वेगवेगळ्या गोष्टींसाठी पाच प्रकारची हवा राखलेली. युरोपच्या सहलीत बसत असेल तर जरूर, फक्त तिथे तिकीट लागतं.

मुंबईत असाल तर भायखळा गाठा. तिथे वस्तू मागवता येत नाही, पण नजरेचा सराव होतो. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या लोकांची मातीची छोटी शिल्पं तिथे कपाटात मांडलेली आहेत. कुणाची पगडी कशी बांधलीय, निऱ्या कुठे खोचल्यात, खांद्यावर काय टाकलंय, हे एकेक करून वहीत चितारा. मग घरी येऊन व्ही अँड एच्या सूचीतल्या त्या 'कापडाच्या तुकड्यां'ची मापं काढा आणि जुळतंय का पाहा. बुधवारी बंद असतं.